भेदरं : परसातील लहान टोमॅटोचा एक अभ्यास

टोमॅटो आज आपल्या स्वयंपाकघरात इतका रुळला आहे की, तो परदेशातून आलेला पाहुणा आहे हे सहसा कोणाच्या लक्षातही येत नाही. आमटी, रस्सा, सार, कोशिंबीर यांपैकी कशालाच तो वर्ज्य नाही. प्रस्तुत लेखाचा विषय मात्र बाजारातला हा मोठा, गुळगुळीत टोमॅटो नाही. त्याच कुळातले बोराएवढे, गोल, आंबटगोड फळ हा या लेखाचा विषय आहे. मोठ्या शहरांतील दुकानांत ‘चेरी टोमॅटो’ या नावाने त्याच्या सुधारलेल्या जाती प्लॅस्टिकच्या डबीतून विकल्या जातात. आपल्या वऱ्हाडात टोमॅटोला ‘भेदरं’ म्हणतात, आणि अनेक घरांतून हा शब्द विशेषकरून याच लहान गावरान फळासाठी वापरला जातो.

वनस्पतींचा विषय विज्ञान शाखेचा. त्यावर कला शाखेच्या अंकात लिहिण्याचे कारण काय, असा प्रश्न कोणी विचारील. त्याचे उत्तर असे की, ‘भेदरं’ हा शब्द आणि भेदऱ्याचे बी, दोन्ही आज सारख्याच संकटात आहेत. आजीच्या तोंडी असलेला हा शब्द नातवंडे वापरीत नाहीत. आणि आजीने राखेत घोळवून ठेवलेले बी सुनेच्या घरी सापडत नाही. शब्द कोशात नोंदवून ठेवता येतो, बी शीतपेटीत ठेवता येते. परंतु दोन्ही खऱ्या अर्थाने टिकतात ती वापराने. हे बी आपल्याला घरच्या घरी कसे वापरता येईल, याचा विचार येथे करावयाचा आहे.

नाव आणि कूळ

टोमॅटो हा वांगे, मिरची, बटाटा, तंबाखू आणि धोतरा यांचा सगोत्र आहे. हे सर्व एकाच कुळातले. जुन्या मराठीत टोमॅटोला ‘वेलवांगी’ किंवा ‘बेलवांगी’ असे नाव होते, बंगालीत ‘बिलाती बेगुन’ म्हणजे विलायती वांगे म्हणत. ज्या लोकांनी ही नावे दिली त्यांनी वनस्पतिशास्त्राचे पुस्तक वाचलेले नव्हते. त्यांनी नवीन झाडाचे फूल, पान आणि फळाचा देठ पाहिला आणि त्याचे नाते अचूक ओळखले. स्वीडनच्या लिनीअसने १७५३ मध्ये टोमॅटोला ‘सोलॅनम’ या वांग्याच्याच प्रजातीत घातले. पुढे तो वेगळ्या प्रजातीत नेला गेला. अलीकडच्या काळात जनुकांचा अभ्यास झाल्यावर शास्त्रज्ञांनी त्याला पुन्हा वांग्याच्या शेजारी आणून बसविले. आपल्या बायाबापड्यांचे निदान बरोबर होते, असे म्हटल्यास वावगे होणार नाही.

टोमॅटोचे शास्त्रीय नाव सोलॅनम लायकोपर्सिकम. लहान फळाच्या प्रकाराला ‘सेरासिफॉर्मे’ असे उपनाव आहे. त्याचा अर्थ चेरीच्या आकाराचा. स्वित्झर्लंडमधील वनस्पतिशास्त्रज्ञ कास्पार बाउहिन याने १६२३ च्या आपल्या ग्रंथात चेरीसारखी फळे घोसाने येणाऱ्या अशा झाडाची नोंद केली आहे. म्हणजे ‘चेरी टोमॅटो’ हे अलीकडच्या व्यापाऱ्यांनी काढलेले नवे फळ आहे, ही समजूत बरोबर नाही.

प्रवास

टोमॅटोचे मूळ दक्षिण अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर, आजच्या पेरू आणि इक्वेडोर या देशांच्या भागात आहे. तेथे अजूनही वाटाण्याएवढी फळे देणारी रानटी जात आढळते. तिचे फळ जेमतेम एक सेंटिमीटर रुंद असते. या रानटी जातीपासून बाजारातल्या मोठ्या टोमॅटोपर्यंतच्या वाटेवर मधला टप्पा म्हणजे हा लहान गोल टोमॅटो. पुढे मेक्सिकोत त्याची लागवड वाढली आणि फळाचा आकारही वाढला. तेथील नाहुआत्ल भाषेतील ‘तोमात्ल’ या शब्दावरून स्पॅनिश ‘तोमाते’ आणि त्यावरून आपला ‘टोमॅटो’ आला. १५१९ ते १५२१ या काळात स्पेनने मेक्सिको जिंकले. त्यानंतर बेर्नार्दिनो दे साहागुन या धर्मोपदेशकाने तेथील लोकजीवनाचे सविस्तर वर्णन लिहून ठेवले. त्यात बाजारात टोमॅटो विकणाऱ्याकडे मोठे, लहान, गोड अशा किती तऱ्हा असत याची यादी आहे. इटलीत मात्तिओली याने १५४४ मध्ये या फळाचा उल्लेख केला. पोर्तुगीजांच्या मार्फत ते भारतात आले असे सामान्यतः मानले जाते.

या प्रवासात फळाचे नेमके काय बदलले, हे पाहणे उद्बोधक आहे. रानटी फळाचे वजन एक-दोन ग्रॅम, लहान गावरान फळाचे दहा-वीस ग्रॅम, बाजारी फळाचे ऐंशी-शंभर ग्रॅम. लहान फळ आडवे कापले तर बहुधा दोनच कप्पे दिसतात. मोठ्या फळात ते अनेक असतात. फळ मोठे करणाऱ्या जनुकांपैकी एक महत्त्वाचे जनुक अमेरिकेतील शास्त्रज्ञांनी २००० साली वेगळे करून दाखविले. पुढे २०१२ मध्ये टोमॅटोच्या संपूर्ण जनुकसंचाचे वाचन प्रसिद्ध झाले. अनेक देशांनी वाटून घेतलेल्या या कामात पाचव्या गुणसूत्राची जबाबदारी भारताकडे होती.

त्याच वर्षी आणखी एक गोष्ट उजेडात आली. जुन्या जातींचे कच्चे फळ देठाजवळ गडद हिरवे असते. त्यामुळे पिकताना फळ एकसारखे लाल होत नाही, खांदे हिरवट राहतात. व्यापाराला एकरंगी फळ हवे असते. म्हणून अनेक दशके पैदासकारांनी खांदे हिरवे नसलेली झाडे निवडली. संशोधनात असे आढळले की, ज्या जनुकामुळे खांदे हिरवे होतात तेच जनुक कच्च्या फळात हरितद्रव्य वाढवून साखर तयार करण्यास मदत करते. रंग एकसारखा करताना चवीचा काही भाग गमावला गेला, आणि हे कोणाच्या लक्षातही आले नाही. यात पैदासकारांचा दोष काढण्याचे कारण नाही. दूरच्या बाजारात न फुटता पोहोचणारे फळ त्यांना हवे होते, आणि ते त्यांनी मिळविले. परंतु परसातल्या झाडापासून चुलीपर्यंतचे अंतर दहा पावलांचे असते. त्यासाठी जाड सालीची गरज नाही. म्हणूनच घरच्या बागेला लहान टोमॅटो अधिक मानवतो.

पेरणीपासून फळापर्यंत

टोमॅटोला दिवसाची ऊब आणि रात्रीचा गारवा लागतो. रात्रीचे तापमान पंधरा ते वीस अंश असेल तर फळधारणा उत्तम होते. दिवसा पस्तीस अंशांच्या वर पारा गेला की फुले गळतात. शिवाय तीस अंशांच्या वर तांबडा रंग नीट तयार होत नाही. फळ पिवळट केशरी राहते. चैत्र-वैशाखात आपल्याकडची फळे फिकी का दिसतात, याचे कारण हेच. लहान टोमॅटो मोठ्याच्या मानाने उन्हाला थोडा अधिक टिकतो, तरी वऱ्हाडचा उन्हाळा त्यालाही सोसत नाही. तेव्हा पोळा झाल्यावर, सप्टेंबरच्या मध्याला बी टाकावे. दसऱ्याच्या सुमारास रोपे लावावीत. संक्रांतीला झाड घोसांनी भरलेले असते आणि होळीपर्यंत फळे मिळत राहतात.

एका ग्रॅममध्ये तीनशेच्या आसपास बिया भरतात. घरासाठी चिमूटभर बीसुद्धा पुष्कळ झाले. मातीची कुंडी, जुनी तगारी किंवा फुटका माठ यांत चाळलेली माती व कुजलेले शेणखत समभाग मिसळून भरावे. बी अर्धा सेंटिमीटर खोल पेरावे आणि झारीने पाणी द्यावे. पाच ते आठ दिवसांत ते उगवते. रोपे एक बोटभर झाली की विरळणी करावी. साधारण चार-पाच आठवड्यांनी, रोप वीतभर होऊन त्याला पाच-सहा पाने आली की लावणीस योग्य होते. लावणी नेहमी सायंकाळी करावी. टोमॅटोच्या खोडाला मातीचा स्पर्श होईल तेथे मुळे फुटतात. म्हणून रोप खालच्या पानांपर्यंत खोल लावले तर झाडाचा पाया मजबूत होतो. वांगे-मिरचीच्या रोपांना इतके खोल लावण्याचा असा फायदा होत नाही.

जागा निवडताना किमान सहा तास ऊन मिळेल हे पाहावे. अंगण नसेल तर गच्चीवर तेलाचा पंधरा लिटरचा रिकामा डबा चालतो. त्याच्या बुडाला पाच-सहा भोके मात्र पाडली पाहिजेत. दोन भाग माती, एक भाग शेणखत किंवा गांडूळखत आणि एक भाग रेती हे मिश्रण पुरेसे होते. आपली काळी माती पाणी धरून ठेवते आणि वाळल्यावर तडकते, म्हणून डब्यात रेतीची गरज अधिक. जमिनीत लावल्यास दोन झाडांत दोन हातांचे अंतर ठेवावे. ज्या जागी मागील वर्षी वांगी, मिरची किंवा बटाटा होता ती जागा टाळावी. एकाच कुळाची पिके एकाच जागी घेतल्यास मर रोगाचे जंतू मातीत साठत जातात. कांदा, मेथी किंवा घेवडा होऊन गेलेली जागा चांगली.

लहान टोमॅटोच्या बहुतेक जाती अमर्याद वाढीच्या असतात, म्हणजे शेंडा वाढतच राहतो. त्यांना आधार दिलाच पाहिजे. आपल्याकडे त्यासाठी पैसे खर्च करण्याची गरज नाही. तुराटी किंवा जाड पऱ्हाटी रोवून सुतळीने सैल बांधले की झाले. सुतळीचा फास आठाच्या आकड्यासारखा असावा, म्हणजे खोड काचत नाही. पान आणि खोड यांच्या बेचक्यातून फुटणाऱ्या बगलफुटी पहिल्या घोसापर्यंत काढून टाकाव्यात. काढलेली बगलफूट ओल्या मातीत खोचली तर तिचे नवे झाड होते. ज्याला बी मिळाले नाही त्या शेजाऱ्याला ती देता येते.

पाण्याच्या बाबतीत नियमितपणा हा मुख्य नियम. तीन दिवस विसरायचे आणि चौथ्या दिवशी आळे तुडुंब भरायचे, असे केले की फळे तडकतात. मोठ्या फळांच्या जातींत याच अनियमिततेने झाडाला चुन्याचे सत्त्व नीट घेता येत नाही आणि फळाचे बूड काळे पडते. लहान फळांत हा विकार क्वचितच दिसतो. बोट घालून पाहावे : वरचे एक पेर कोरडे आणि खाली ओल असेल तर पाणी द्यावे. बुंध्याशी वाळलेल्या पानांचे आच्छादन केल्यास वाफसा टिकतो.

टोमॅटोच्या फुलाची रचना मोठी मजेशीर आहे. त्याचे पुंकेसर एकत्र येऊन पिवळा शंकू होतो, परागकण त्याच्या आत असतात, आणि स्त्रीकेसरही बहुधा त्या शंकूतच दडलेला असतो. त्यामुळे फूल स्वतःच स्वतःचे परागण करते; हवेने किंवा कीटकाच्या कंपनाने फूल हलले म्हणजे पराग झडतात. मधमाशीला असे कंपन करता येत नाही, भुंग्यांच्या काही जातींना येते. भुंगे फिरकत नसलेल्या गच्चीवर सकाळी आठ ते अकराच्या दरम्यान घोसाच्या देठावर बोटाने हलकी टिचकी मारावी. एवढ्याने फळधारणा पुष्कळ वाढते.

रोग आणि कीड

पांढरी माशी ही पहिली शत्रू. ती पानांचा रस शोषते आणि त्याबरोबर पर्णगुच्छ रोगाचा विषाणू पसरविते. पाने वाकडी, बारीक होतात, झाड खुजे राहते. यालाच बोकड्या म्हणतात. रोगट झाड बरे होत नाही. ते ताबडतोब उपटून नष्ट करावे. रोपे लहान असताना त्यांवर जुन्या पातळ साडीचे किंवा मच्छरदाणीचे आच्छादन घातले तर माशीला अटकाव होतो.

दुसरी फळ पोखरणारी अळी. ही कोणी परकी नव्हे. हरभऱ्यावरची घाटेअळी आणि कपाशीवरची अमेरिकन बोंडअळी म्हणून आपण जिला ओळखतो तीच. परसात चार झाडे असतात, तेव्हा सकाळी पाने उलटून अळ्या वेचणे हा सर्वांत खात्रीचा उपाय. शेजारी झेंडू लावल्यास तिचा मादीपतंग अंडी घालण्यास झेंडूकडे आकर्षिला जातो. पन्नास ग्रॅम निंबोळ्यांचा कूट रात्रभर एक लिटर पाण्यात भिजवून, गाळून सायंकाळी फवारावा. २०१४ पासून टोमॅटोची पाने व फळे कोरणारी आणखी एक परदेशी कीड महाराष्ट्रात आढळू लागली आहे. पानांवर फोडासारखे पांढुरके पट्टे दिसताच ती पाने तोडून टाकावीत.

खालच्या पानांवर वर्तुळाकार तपकिरी ठिपके दिसले तर तो करपा. जमिनीला टेकणारी पाने आधीच काढली आणि पाणी पानांवर न घालता बुंध्याशी दिले, तर तो आटोक्यात राहतो. एक सूचना खर्रा-तंबाखू खाणाऱ्यांसाठी. तंबाखू आणि टोमॅटो एकाच कुळातले असल्याने तंबाखूतील केवड्याचा विषाणू हाताने टोमॅटोला लागू शकतो. तेव्हा झाडाला हात लावण्यापूर्वी साबणाने हात धुवावेत. व्यसन सोडल्यास उत्तमच.

फूल आल्यापासून साधारण सव्वा ते दीड महिन्यात फळ पिकते. घरच्या झाडाचे फळ पूर्ण लाल झाल्यावरच तोडावे. तोच तर घरच्या बागेचा लाभ. ते शीतकपाटात ठेवू नये, थंडीने चव व वास मंदावतो. टोमॅटोच्या लाल रंगद्रव्याचे पोषण शरीराला शिजवलेल्या व तेल घातलेल्या फळातून अधिक मिळते. लसूण, हिरवी मिरची, जिरे आणि शेंगदाणे घालून तव्यावर तेलात परतलेली भेदऱ्याची चटणी ज्वारीच्या भाकरीबरोबर खाणाऱ्या आपल्या पूर्वजांना हे शास्त्र ठाऊक नसेल, पण व्यवहार ठाऊक होता.

बी राखणे

आता मुख्य मुद्द्याकडे येऊ. बाजारात मिळणारे पुष्कळसे बी संकरित असते. दोन भिन्न वाणांच्या संकरातून झालेल्या पहिल्या पिढीची झाडे एकसारखी व जोमदार असतात. परंतु त्यांच्या फळातील बी पेरले तर पुढची पिढी एकसारखी निघत नाही. ग्रेगोर मेंडेलने वाटाण्यावर प्रयोग करून १८६६ मध्ये प्रसिद्ध केलेला नियमच येथे लागू पडतो. म्हणून संकरित बी दर वर्षी विकत घ्यावे लागते. गावरान बियांचे आणि सरळ वाणांचे तसे नाही. टोमॅटो स्वतःच स्वतःचे परागण करीत असल्याने त्यांचे बी बहुतांशी आईसारखेच झाड देते. म्हणजे बी राखण्यासाठी प्रयोगशाळा लागत नाही. एक काचेचा पेला पुरतो.

कृती अशी. सर्वांत निरोगी झाड आधी निवडावे. केवळ सर्वांत मोठे फळ निवडू नये, कारण बी झाडाचे गुण घेऊन येते. त्या झाडाची मधल्या घोसातील पूर्ण पिकलेली आठ-दहा फळे घ्यावीत. ती पेल्यात पिळून, थोडे पाणी घालून फडक्याने झाकून दोन-तीन दिवस ठेवावीत. प्रत्येक बीभोवती बुळबुळीत आवरण असते; ते बीला फळात असतानाच रुजू देत नाही. आंबण्याने ते सुटते. वर फेस येतो, भरीव बी तळाशी बसते, पोकळ बी तरंगते. वरचे ओतून द्यावे, तळाचे बी चाळणीत स्वच्छ धुवावे आणि ताटलीत सावलीत वाळवावे. कागदावर वाळविल्यास ते चिकटून बसते. मग कागदी पुडीवर नाव व वर्ष लिहून ती कोरड्या डबीत ठेवावी. असे बी चार-पाच वर्षे उगवते.

या साध्या कामाचे महत्त्व किती, हे एका उदाहरणावरून कळेल. कॅलिफोर्निया विद्यापीठातील चार्ल्स रिक (१९१५–२००२) यांनी आपले आयुष्य रानटी टोमॅटोचे बी गोळा करण्यात घालविले. गॅलापागोस बेटांवरील टोमॅटोचे बी त्यांच्याकडे काही केल्या नीट रुजेना. शेवटी त्यांनी ते फळ तेथील महाकाय कासवांना खाऊ घातले आणि विष्ठेतून मिळालेले बी पेरले; ते उगवले. त्याच बेटांवरील जातीतून मिळालेल्या एका गुणामुळे देठाचा सांधा नसलेली फळे तयार करता आली, आणि यंत्राने तोडणी करणाऱ्या शेतीला त्याचा उपयोग झाला. ज्या झुडपाकडे कोणी ढुंकून पाहिले नव्हते, त्याच्या बियांत साऱ्या जगाच्या उपयोगाची वस्तू होती. आपल्या उकिरड्याशेजारी आपोआप उगवणाऱ्या भेदऱ्यात काय आहे, हे ते नाहीसे झाल्यावर शोधता येणार नाही.

आपल्या देशातही हे काम चालू आहे. राष्ट्रीय वनस्पती आनुवंशिक संपदा ब्यूरोचे एक प्रादेशिक केंद्र आपल्या अकोल्यातच आहे. अकोले तालुक्यातील कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांनी देशी भाजीपाला व धान्याचे वाण घरात जपले. २०२० च्या पद्म पुरस्कारांत त्यांना पद्मश्री जाहीर झाली. २००१ च्या वनस्पती वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्यानेही शेतकऱ्याचा बी राखण्याचा, पेरण्याचा व देवघेवीचा हक्क मान्य केला आहे. हक्क कागदावर आहे. तो बजावणारे हात मात्र कमी होत चालले आहेत.

समारोप

चार झाडे लावून आपण बाजारापासून मुक्त होऊ, असा भ्रम कोणी बाळगू नये. २०२३ च्या जुलैमध्ये देशातील अनेक शहरांत टोमॅटो किलोला शंभर रुपयांच्या वर गेला आणि दोन महिन्यांतच राज्यातील घाऊक भाव कोसळून शेतकऱ्यांवर माल फेकून देण्याची पाळी आली. हा प्रश्न परसबागेने सुटणारा नाही. पण एक निराळी गोष्ट परसबागेच्या हाती आहे. बाजार ज्याला किंमत देत नाही, ते बी आणि ती चव टिकविणे तिला शक्य आहे, कारण तिला नफा मिळवायचा नसतो.

म्हणून माझ्या विद्यार्थी मित्रांना एवढेच सुचवावेसे वाटते. येत्या सुट्टीत गावी गेल्यावर घरातील वडीलधाऱ्यांना भेदऱ्याचे बी कोणाकडे आहे ते विचारा. ते कोणाचे, कोणत्या गावचे, किती वर्षांपासून राखलेले, त्याला गावात काय म्हणतात, हे वहीत लिहून ठेवा. मराठीच्या विद्यार्थ्याला त्यात बोलीचा अभ्यास सापडेल, इतिहासाच्या विद्यार्थ्याला साधन सापडेल, अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला घराच्या व्यवहाराचा हिशेब सापडेल. पुडी सापडलीच तर पोळ्यानंतर चार बिया पेरा आणि उरलेल्या वर्गात वाटा. पुढच्या वर्षी आपल्या महाविद्यालयातील दहा घरांत तरी भेदऱ्याचे झाड असावे आणि त्याला भेदरंच म्हटले जावे, अशी अपेक्षा आहे.